ज्वलनाची एन्थाल्पी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वलनाची एन्थाल्पी म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पदार्थाचा एक मोल (कणांची ठरलेली संख्या मोजायचं एकक) भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळाला आणि या सगळ्यात दाब बदलला नाही, तर एन्थाल्पीत जो बदल होतो ती त्या पदार्थाची ज्वलन एन्थाल्पी. बाहेर पडलेली उष्णता मोजली की हा बदल कळतो. आधी 'प्रमाण' हा शब्द जोडला की आणखी एक अट येते: सुरुवातीचे आणि शेवटचे सगळे पदार्थ १ बार दाबाला आपापल्या नेहमीच्या अवस्थेत हवेत, आणि तापमान सहसा २५ अंश सेल्सिअस, म्हणजे २९८ केल्विन, धरलेलं असतं. मिथेनसाठी हा आकडा −८९०.३ किलोज्यूल प्रति मोल आहे.

एक मोल, पूर्ण ज्वलन, स्थिर दाब, ठरलेलं तापमान. शिकवताना माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक शंका यातली एखादी अट हातातून निसटल्यामुळे आलेल्या असतात. म्हणून आकडा दिसला की पाठ करण्याआधी विचारायचं: कशाचा, किती, आणि कुठून कुठपर्यंत?

ज्योत हजार-दीड हजार अंशांच्या पुढे जाते. मग २५ अंशांना ज्वलन कसं होईल?

होत नाही, आणि व्याख्या तसं म्हणतही नाही. ती एवढंच म्हणते की सुरुवात २५ अंशांना झाली आणि शेवटी तयार झालेले वायू व पाणी परत २५ अंशांपर्यंत थंड झाले. मधे ज्योत किती तापली याच्याशी हिशेबाला देणंघेणं नाही. ज्योतीतून निघालेले तप्त वायू थंड होताना जी उष्णता सोडतात, तीही या आकड्यात जमा असते. बऱ्याच जणांच्या डोक्यात एन्थाल्पी म्हणजे ज्योतीतली एखादी गोष्ट असते. खरं तर ती दोन टोकांमधला फरक आहे.

मग सरळ 'उष्णता' का म्हणायचं नाही? हा अवघड शब्द कशाला?

कारण तीच अभिक्रिया बंद भांड्यात आणि उघड्या भांड्यात वेगवेगळी उष्णता देऊ शकते. उघड्यावर वायू पसरतात किंवा आकसतात आणि भोवतालच्या हवेशी ऊर्जेची थोडी देवाणघेवाण होते. घट्ट बंद भांड्यात त्याला वावच नसतो. एन्थाल्पी म्हणजे अंतर्गत ऊर्जा (पदार्थाच्या कणांमधली एकूण ऊर्जा) अधिक दाब गुणिले आकारमान. ही बेरीज अशी बेतलेली आहे की दाब स्थिर असेल तर मिळणारी उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतला बदल. प्रयोगशाळेतली बहुतेक कामं उघड्या भांड्यात होत असल्यामुळे ही राशी सोयीची पडते.

आकड्यामागे वजा चिन्ह का?

ऊर्जा पदार्थांकडून बाहेर गेली, त्यांच्या खात्यातून वजा झाली, म्हणून. इंधनांच्या तक्त्यात 'उष्मांक मूल्य' असा शब्द असेल तर तिथे तोच आकडा अधिक चिन्हाने लिहिण्याची रीत आहे. 'ज्वलनात ८९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते' या वाक्यात मात्र वजा लिहू नका. 'बाहेर पडते' या शब्दांत ते आलंच आहे.

एका पुस्तकात मिथेनसाठी −८९० आणि दुसऱ्यात −८०२ आहे. कोणतं चुकलं?

कोणतंच नाही. जळल्यावर तयार झालेलं पाणी द्रव धरायचं की वाफ, एवढाच फरक आहे. २५ अंशांना एक मोल वाफेचं पाणी होताना ४४ किलोज्यूल सुटतात. मिथेनच्या एका मोलपासून पाण्याचे दोन मोल होतात, म्हणजे ८८ किलोज्यूल. ८९० मधून ८८ गेले, ८०२ उरले.

हायड्रोजनच्या बाबतीतही हेच: द्रव पाणी धरलं तर −२८५.८, वाफ धरली तर −२४१.८. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत २५ अंशांची अट असल्यामुळे द्रव पाणीच धरतात. अभियांत्रिकीत मात्र दोन्ही आकडे चालतात आणि त्यांना उच्च व निम्न उष्मांक मूल्य म्हणतात. काही बॉयलरच्या जाहिरातीत शंभर टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता लिहिलेली असते, त्यामागचं गुपित हेच. बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतो आणि टक्केवारी काढताना भागाकार मात्र निम्न मूल्याने केलेला असतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सुखरूप आहे.

बंध तुटल्यामुळे ऊर्जा बाहेर पडते ना?

नाही. हा गैरसमज इतका चिवट आहे की जीवशास्त्राच्या तासाला तो पुन्हा रुजतो आणि रसायनशास्त्राच्या तासाला पुन्हा उपटावा लागतो. अणूंना जोडून ठेवणारे बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना.

मिथेनचंच पाहू. मिथेनचा एक रेणू ऑक्सिजनच्या दोन रेणूंशी मिळतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक व पाण्याचे दोन रेणू होतात. सरासरी बंध ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये अशा: कार्बन–हायड्रोजन ४१३, ऑक्सिजनमधला दुहेरी बंध ४९८, कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध ७९९, ऑक्सिजन–हायड्रोजन ४६३.

तोडायचा खर्च: ४ × ४१३ + २ × ४९८ = २६४८
जुळण्यातून मिळकत: २ × ७९९ + ४ × ४६३ = ३४५०
फरक: २६४८ − ३४५० = −८०२

वरच्या प्रश्नातला −८०२ परत आला, आणि तो −८९० नाही हे बरोबरच आहे. बंध ऊर्जा वायू अवस्थेतल्या रेणूंसाठी असतात, त्यामुळे हे उत्तर वाफेचं येणार. इथे हिशेब इतका नेमका जुळला तो थोडा नशिबाचा भाग. बंध ऊर्जा सरासरी असल्यामुळे एरवी थोडाफार फरक पडतो.

मग इंधनात ऊर्जा 'साठवलेली' असते हे खोटं का?

खोटं नाही, अर्धवट आहे. ऊर्जा एकट्या इंधनात नसते, इंधन आणि ऑक्सिजन या जोडीत असते. वरच्या यादीत ऑक्सिजनचा दुहेरी बंध पाहा: दुहेरी असून ४९८, आणि पाण्यातला साधा एकेरी बंध ४६३. दुहेरी बंधाच्या मानाने ऑक्सिजनचा बंध फारच कमजोर आहे. तो मोडून ऑक्सिजनचे अणू कार्बन आणि हायड्रोजनशी घट्ट जखडले जातात, तिथे खरी कमाई होते.

हे पटत नसेल तर प्रति मोल इंधनाऐवजी प्रति मोल ऑक्सिजन हिशेब करून बघा. मिथेनच्या एका मोलला ऑक्सिजनचे २ मोल लागतात: ८९० भागिले २, म्हणजे ४४५. ऑक्टेनला १२.५ लागतात: ५४७१ भागिले १२.५, म्हणजे ४३८. इथेनॉलला ३ लागतात: १३६७ भागिले ३, म्हणजे ४५६. ग्लुकोजला ६ लागतात: २८०३ भागिले ६, म्हणजे ४६७. एक वायू, एक पेट्रोलमधला द्रव, एक अल्कोहोल, एक साखर, आणि आकडे सगळे ४३८ ते ४६७ च्या दरम्यान! मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा तक्त्यातच काहीतरी चूक आहे असं वाटलं होतं.

ब्रिटिश संशोधक थॉर्नटन यांनी १९१७ मध्ये या नियमितपणाकडे लक्ष वेधलं. आज आगीच्या चाचण्यांमध्ये त्याचा थेट उपयोग होतो. खुर्ची, पडदा किंवा तारांचं वेष्टण जळताना किती उष्णता सुटली हे मोजण्याऐवजी किती ऑक्सिजन खर्च झाला हे मोजतात आणि दर किलो ऑक्सिजनमागे १३.१ मेगाज्यूल धरतात. काय जळतंय हे नीट माहीत नसलं तरी चालतं. हायड्रोजन (५७२) आणि शुद्ध कार्बन (३९४) मात्र या पट्ट्यात बसत नाहीत.

ज्वलन ऊष्मादायी आहे, तर सुरुवातीला काडी का लावावी लागते?

पहिले काही बंध मोडायची ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ज्योत पेटली की पुढच्या रेणूंसाठी लागणारी ऊर्जा तीच पुरवते. ज्वलन एन्थाल्पीत हा खर्च धरत नाहीत, कारण तो लगेच परत मिळतो.

स्पिरिटच्या दिव्याने पाणी तापवायचा प्रयोग केला. उत्तर फारच कमी आलं. कुठे चुकलं?

बहुधा कुठेच नाही. एक नमुना घेऊ. २०० ग्रॅम पाणी २५ वरून ४५ अंशांवर गेलं आणि दिव्याचं वजन ०.७५ ग्रॅमने घटलं. दिव्यात इथेनॉल होतं.

पाण्याला मिळालेली उष्णता: २०० × ४.१८ × २० = १६,७२० ज्यूल, म्हणजे १६.७२ किलोज्यूल
जळलेलं इथेनॉल: ०.७५ ÷ ४६.०७ = ०.०१६३ मोल
प्रति मोल: १६.७२ ÷ ०.०१६३ = सुमारे १०२६ किलोज्यूल

पुस्तकात −१३६७. म्हणजे जेमतेम पाऊण भाग हाती लागला. उरलेला कुठे गेला? बराचसा भोवतालच्या हवेत, काही भांडं तापवण्यात, काही भांड्याच्या बुडाशी जमलेल्या काजळीत, कारण काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. शिवाय दिवा विझवल्यावर वजन करेपर्यंत वातीतून थोडं इथेनॉल उडून जातं आणि तेही 'जळलं' म्हणून मोजलं जातं. झाकण नसेल तर पाणीही उडतं.

प्रयोगवहीत सहसा न दिसणारी आणखी एक गळती आहे. दिवा उघड्यावर जळतो, म्हणून तयार झालेलं पाणी वाफ होऊनच निघून जातं. इथेनॉलच्या एका मोलमागे ते तीन मोल असतं, म्हणजे ३ × ४४ = १३२ किलोज्यूल. एक ज्यूलही वाया न घालवता प्रयोग केला तरी या मांडणीत उत्तर १२३५ च्या आसपासच थांबेल. १३६७ मिळणं शक्यच नाही. तेव्हा वहीत १०२६ हेच लिहा. एका विद्यार्थ्याने एकदा १३६५ लिहून आणलं होतं. मी त्याला तापमानाच्या नोंदी दाखव म्हटलं आणि दोघंही हसलो.

प्रयोग सुधारायचा असेल तर पातळ तांब्याचं भांडं घ्या, वाऱ्यासाठी आडोसा करा, भांड्यावर झाकण आणि दिव्यावर विझवल्याबरोबर टोपी ठेवा, आणि पाणी सतत ढवळत राहा.

अचूक आकडे मग कसे मिळवतात?

बॉम्ब कॅलरीमापीने. जाड पोलादी भांड्यात मोजून घेतलेला पदार्थ ठेवतात, साधारण ३० वातावरणाच्या दाबाने ऑक्सिजन भरतात, भांडं पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने पदार्थ पेटवतात. पाण्याचं तापमान किती वाढलं ते अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही बारकाईने वाचतात. उपकरण आधी बेंझोइक आम्ल जाळून तपासून घेतात. त्याच्या एका ग्रॅममधून २६.४३ किलोज्यूल मिळतात आणि ते शुद्ध व कोरडं ठेवणं सोपं असतं.

भांडं बंद असल्याने आकारमान स्थिर राहतं, म्हणून थेट हाती येतो तो अंतर्गत ऊर्जेतला बदल. त्यावरून एन्थाल्पी काढायला वायूंच्या मोलसंख्येतला फरक गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान एवढं मिळवायचं. २९८ केल्विनला वायू स्थिरांक आणि तापमानाचा गुणाकार २.४८ किलोज्यूल येतो. मिथेनमध्ये वायूचे ३ मोल जाऊन १ उरतो, फरक −२, म्हणून −८८५.३ चे −८९०.३ होतात. ग्लुकोज घन आहे, ६ मोल ऑक्सिजन जाऊन ६ मोल कार्बन डायऑक्साइड येतो. फरक शून्य, त्यामुळे दोन्ही आकडे एकच.

हेसचा नियम इथे कशाला येतो?

जे मोजता येत नाही ते काढण्यासाठी. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गला असताना मांडलं की अभिक्रिया एका पायरीत होवो वा दहा पायऱ्यांत, एकूण उष्णता तीच राहते. सुरुवात आणि शेवट ठरलेले असतील तर मधली वाट कोणतीही असो.

कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड होताना किती उष्णता सुटते? थेट मोजायला गेलं तर फसगत होते, कारण थोडाफार कार्बन डायऑक्साइड होतोच. पण ग्रॅफाइट पूर्ण जाळणं सोपं (−३९३.५) आणि कार्बन मोनॉक्साइड जाळणंही सोपं (−२८३.०). पहिल्यातून दुसरं वजा करा: −११०.५ किलोज्यूल प्रति मोल. न मोजता मिळालं.

तसंच मिथेनच्या निर्मिती एन्थाल्पीचं, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल मिथेन होताना एन्थाल्पीत होणाऱ्या बदलाचं. कार्बन आणि हायड्रोजन एकत्र ठेवून सरळ मिथेन बनवून उष्णता मोजणं जमण्यासारखं नाही. पण तिघंही जळतात:

(−३९३.५) + २ × (−२८५.८) − (−८९०.३) = −७४.८

इथे एक खड्डा आहे आणि परीक्षेत अर्धा वर्ग त्यात पडतो. ज्वलन एन्थाल्पी दिल्या असतील तर अभिक्रियाकारकांमधून उत्पादितं वजा करायची. निर्मिती एन्थाल्पी दिल्या असतील तर उलट, उत्पादितांमधून अभिक्रियाकारक. सूत्र घोकण्यापेक्षा बाण काढा: ज्वलनात सगळे बाण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याकडे जातात, निर्मितीत सगळे बाण मूलद्रव्यांपासून निघतात. बाणाच्या उलट चाललात की चिन्ह बदलायचं.

कार्बनची साखळी लांबली की ज्वलन एन्थाल्पी वाढते का?

हो, आणि ठरावीक पावलांनी. मिथेन ८९०, इथेन १५६०, प्रोपेन २२१९, ब्यूटेन २८७८. पहिलं पाऊल ६७० चं, पुढची साधारण ६५९ ची. प्रत्येक वेळी एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात, जळायला तेवढंच जास्त मिळतं.

हे पाऊल माहीत असलं की बिघाड ओळखता येतो. सायक्लोहेक्झेन म्हणजे अशा सहा गटांचं (एक कार्बन, दोन हायड्रोजन) कडं. त्याच्या ३९२० ला सहाने भागलं तर दर गटामागे ६५३ येतात, सरळ साखळीच्या जवळ. तीन गटांच्या सायक्लोप्रोपेनच्या २०९१ ला तीनने भागलं तर ६९७. ही चाळीसेक किलोज्यूलची वाढ त्रिकोणी कड्यात बंध वाकवून बसवल्याच्या ताणाची आहे. नुसतं जाळून रेणूचा आकार किती अवघडलेला आहे हे कळतं. सगळ्या विषयातलं हे माझं आवडतं उदाहरण.

सगळ्यात चांगलं इंधन कोणतं?

प्रति मोल तुलना करू नका, ती फसवी असते. मोठ्या रेणूचा मोल जड असतो एवढंच. प्रति ग्रॅम पाहिलं तर किलोज्यूलमध्ये हायड्रोजन १४२, मिथेन ५५.५, प्रोपेन ५०, ऑक्टेन ४८, ग्रॅफाइट ३३, इथेनॉल ३०, मिथेनॉल २३, ग्लुकोज १५.६. अल्कोहोल आणि साखर मागे पडतात, कारण त्यांच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ती काही अंशी जळून झालेलीच आहेत म्हणा.

हायड्रोजन वजनात पहिला, पण आकारमानात मागे. समान दाब-तापमानाच्या समान आकारमानात मोल सारखेच असतात, तिथे मिथेन ८९० देतो आणि हायड्रोजन २८६. टाकी केवढी लागेल हा प्रश्न आला की हायड्रोजनची बाजू लंगडी पडते.

ज्याची ज्वलन एन्थाल्पी जास्त, त्याची ज्योत जास्त गरम?

नाही. इथेनचे १५६०, ॲसिटिलीनचे फक्त १३००, आणि तरी धातू कापायला ॲसिटिलीन वापरतात. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते. कारण ती उष्णता कितीजणांत वाटली जाते यावर तापमान ठरतं. ज्योतीत पाणी वाफच असतं, म्हणून वाफेचे आकडे घेऊ. इथेनचे १४२८ किलोज्यूल २ मोल कार्बन डायऑक्साइड आणि ३ मोल वाफ, अशा ५ मोलमध्ये वाटले जातात: प्रत्येकी २८६. ॲसिटिलीनचे १२५६ फक्त ३ मोलमध्ये: प्रत्येकी ४१९. हवेत जाळलं तर नायट्रोजनही फुकटचा वाटेकरी होतो, म्हणून हवेतली ज्योत कमी तापते.

अपूर्ण ज्वलनात नुकसान किती?

मिथेनमधला कार्बन फक्त कार्बन मोनॉक्साइडपर्यंतच पोचला तर ८९०.३ ऐवजी ६०७.३. जवळपास एक तृतीयांश उष्णता गेली, आणि वर विषारी वायू हाती आला.

हिरा खरंच जळतो?

जळतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला होता. आकडा −३९५.४, ग्रॅफाइटपेक्षा १.९ ने जास्त. एवढ्या किरकोळ फरकावरून कळतं की साध्या परिस्थितीत ग्रॅफाइट जास्त स्थिर आहे. हिऱ्याचं ग्रॅफाइट होत नाही ते केवळ वेग नगण्य असल्यामुळे.

ज्वलन एन्थाल्पी आणि निर्मिती एन्थाल्पी कधी एकच असतात?

मूलद्रव्याचा एक मोल जळून एकाच संयुगाचा एक मोल झाला की. ग्रॅफाइटची ज्वलन एन्थाल्पी हीच कार्बन डायऑक्साइडची निर्मिती एन्थाल्पी, हायड्रोजनची ज्वलन एन्थाल्पी हीच द्रव पाण्याची निर्मिती एन्थाल्पी.

ऑक्सिजनशी संयोग झाला की उष्णता सुटतेच का?

नायट्रोजन हा ठळक अपवाद. नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइड होताना प्रति मोल ९१ किलोज्यूल शोषले जातात. नायट्रोजनचा तिहेरी बंध फार भक्कम आहे. नाहीतर पहिल्याच विजेच्या लोळाने वातावरण पेटलं असतं.

खाद्यपदार्थांच्या वेष्टणावरच्या कॅलरी म्हणजे ज्वलन एन्थाल्पीच का?

जवळची नातलग. वेष्टणावरची 'कॅलरी' ही खरं तर किलोकॅलरी, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. ग्लुकोजचे प्रति ग्रॅम १५.६ किलोज्यूल म्हणजे ३.७ किलोकॅलरी. शरीर ते ज्योतीशिवाय कितीतरी पायऱ्यांनी जाळतं, पण शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच उरतं, म्हणून हेसच्या नियमाने बेरीज तीच.

प्रथिनांचं तसं नाही. बॉम्ब कॅलरीमापीत ती पूर्ण जळतात, शरीरात त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन बाहेर पडतो. युरिया अजून जळू शकतो, त्याची ज्वलन एन्थाल्पी −६३२ आहे. शेवटचं टोकच वेगळं असल्यामुळे शरीराला बॉम्बपेक्षा कमी मिळतं.

तक्त्यात पाण्याची आणि कार्बन डायऑक्साइडची ज्वलन एन्थाल्पी का दिलेली नसते?

ती शून्य आहे. त्यांचं जळून झालं आहे.